प्रोपेलर आधी, मोटर नंतर

१९३३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, विन्स्लोच्या विमानतळावर, डग्लस कंपनीचं एक नवं विमान परीक्षेला उभं राहिलं. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, म्हणजे हवा मुळातच पातळ. विमान धावपट्टीवरून उठत असतानाच एक इंजिन बंद करण्यात आलं. उरलेल्या एका इंजिनावर ते वर चढलं आणि थेट न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला जाऊन उतरलं. या विमानाचं नाव डीसी-१.

या परीक्षेमागे एक पत्र होतं. टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या जॅक फ्राय यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये कारखान्यांकडे तीन इंजिनांचं, धातूचं विमान मागितलं होतं. अट अशी, की पूर्ण भार घेऊन, आमच्या कुठल्याही विमानतळावरून, तीनपैकी कोणत्याही दोन इंजिनांवर ते उडालं पाहिजे. डग्लसने दोनच इंजिनांचं विमान देऊ केलं आणि त्यामुळे अट आणखी कडक झाली: आता एकाच इंजिनावर उडून दाखवायचं होतं. ते जमलं, त्यात इंजिनांच्या ताकदीइतकाच प्रोपेलरचा वाटा होता. हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीच्या त्या प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उडता उडता बदलता येत असे. उड्डाणाच्या वेळी कोन कमी, वेग आल्यावर जास्त. हे काम करणारे फ्रँक कॉल्डवेल आणि त्यांची कंपनी यांना १९३३ ची कॉलियर ट्रॉफी मिळाली.

आपण हौसेने बांधतो त्या छोट्या, विजेवरच्या मॉडेल विमानाच्या प्रोपेलरचा कोन बदलता येत नाही. कारखान्यातून जो येतो तोच शेवटपर्यंत. म्हणून दोन मोटरींचं मॉडेल बांधणाऱ्याने पहिला विचार प्रोपेलरचा करावा, असं माझं ठाम मत आहे. दुकानात मात्र उलटं घडतं. आधी मोटर घेतली जाते, मग तिच्या डब्यावर छापलेला प्रोपेलर, आणि शेवटी तो विमानाला कसा बसवायचा याची खटपट सुरू होते. एका मोटरीच्या विमानात हे बऱ्याचदा खपून जातं. दोन मोटरींच्या विमानात खपत नाही, कारण इथे प्रोपेलरला जागा मोजूनमापून मिळालेली असते.

उदाहरण म्हणून डीसी-१ च्याच नातलगाला घेऊ. डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. आपल्याकडे ते डाकोटा म्हणून ओळखलं जातं. २७ ऑक्टोबर १९४७ ला भारतीय सैनिकांची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती डाकोटांमधूनच. या विमानाचा पंखविस्तार सुमारे २९ मीटर. एकास वीस या प्रमाणात मॉडेल केलं तर पंख १४५ सेंटिमीटर होतात आणि ते मोटारीच्या मागच्या सीटवर सुटे करून नेता येतात. खऱ्या पंखाचं क्षेत्रफळ साधारण ९२ चौरस मीटर. त्याला वीसच्या वर्गाने, म्हणजे ४०० ने भागलं की मॉडेलसाठी ०.२३ चौरस मीटर मिळतं. फोम किंवा बाल्सा वापरून नीट बांधलं तर वजन दीड किलोच्या आसपास राहील. पुढचा सगळा हिशोब याच विमानाचा.

खऱ्या डाकोटाच्या प्रोपेलरचा व्यास साडेतीन मीटर, म्हणजे मॉडेलवर साडेसतरा सेंटिमीटर. प्रोपेलर अजूनही इंचात विकले जातात. हा झाला सात इंचाला जरा कमी. दोन्ही इंजिनांच्या मध्यरेषांमधलं अंतर खऱ्या विमानात सुमारे ५.६ मीटर, मॉडेलमध्ये २८ सेंटिमीटर. म्हणजे धडाच्या मध्यापासून प्रत्येक मोटर १४ सेंटिमीटर लांब. आता इथे आठ इंची प्रोपेलर लावून पाहा. त्याची त्रिज्या दहा सेंटिमीटरच्या वर जाते, आणि पात्याचं टोक मध्यरेषेपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर येतं, जिथे विमानाच्या नाकाची भिंत असते. नऊ-दहा इंचांची तर गोष्टच सोडा. मोटर कितीही चांगली मिळाली तरी डाकोटाचा आकार सात इंचाच्या पुढे जाऊ देत नाही.

सात इंच ऐकून मन खट्टू होतं, पण एक हिशोब इथे आपल्या बाजूचा आहे. प्रोपेलर फिरताना जी चकती तयार होते तिचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. दहा इंची एक चकती आणि सात इंची दोन चकत्या यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच. तेवढीच ताकद दिली तर सिद्धांताप्रमाणे ओढही सारखीच मिळायला हवी. प्रत्यक्षात छोटी पाती हवेत थोडी कमी कार्यक्षम असतात आणि मोटरीमागची फुगीर नासेल, म्हणजे मोटरीचं पंखावरचं आवरण, हवा अडवते, त्यामुळे थोडा तोटा होतो. पण एक मोठा प्रोपेलर गेला म्हणून विमान लंगडं होत नाही.

व्यास ठरला, आता पिच. प्रोपेलरवर ८×६ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पिचचा. हवा लोण्यासारखी घट्ट असती तर एका फेऱ्यात प्रोपेलर किती इंच पुढे सरकला असता, ते तो आकडा सांगतो. पिचला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं की एक वेग मिळतो. विमान त्या वेगाच्या फारसं पुढे जाऊ शकत नाही, कारण तिथे पात्याला ओढायला काही उरतच नाही. मग हा वेग किती हवा? उत्तर विमानाच्या स्टॉलच्या वेगात आहे, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत त्या वेगात. आपल्या डाकोटाचं वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ धरून तो येतो ताशी ३५ किलोमीटर. मॉडेलवाल्यांचा अनुभवाने पक्का झालेला आडाखा असा, की पिचचा वेग स्टॉलच्या किमान अडीचपट असावा. म्हणजे सुमारे ९० किलोमीटर. सहा इंच पिच आणि मिनिटाला १०,००० फेरे घेतले तर ९१ किलोमीटर मिळतात. आकडे जुळले.

हेच काम चार इंच पिचने करायचं तर १५,००० फेरे लागतील. आठ इंच पिच घेतली तर साडेसात हजार फेरे पुरतील, पण सात इंच व्यासाच्या प्रोपेलरवर आठ इंच पिच म्हणजे विमान उभं असताना पाती हवा कापण्याऐवजी घुसळत राहतील. धावपट्टीवर, जिथे ओढ सर्वात जास्त लागते, तिथेच ती कमी पडेल. डीसी-१ ला कोन बदलणारे प्रोपेलर नेमके याच अडचणीवर लागले होते. आपल्याला एकच कोन निवडायचा आहे, म्हणून मधला.

डाकोटाचे खरे प्रोपेलर तीन पात्यांचे. अनेक जण ते शोभेसाठी वेगळे ठेवतात आणि उडवताना दोन पात्यांचे लावतात. या विमानात मी तसं करणार नाही. तीन पात्यांचा प्रोपेलर साधारणपणे एक इंच मोठ्या, दोन पात्यांच्या प्रोपेलरएवढं काम करतो. म्हणजे सात इंची तीन पाती आठ इंची दोन पात्यांच्या जवळपास जातात. आठ इंच आपल्याला हवेच होते, फक्त जागा नव्हती. इथे रूप आणि उपयोग एकाच बाजूला आले आहेत, असा योग वारंवार येत नाही.

आता मोटरीकडे वळू. ८×६ प्रोपेलर १०,००० फेऱ्यांवर फिरवायला अक्षावर सुमारे ११० वॉट लागतात आणि जागेवर उभं असताना साधारण ६०० ग्रॅमची ओढ मिळते. आपला तीन पात्यांचा प्रोपेलर याहून थोडा कमी घेईल आणि थोडं कमी देईल: १०० वॉट आणि ५५० ग्रॅम धरू. मोटर आणि वेग-नियंत्रक, म्हणजे ईएससी, यांच्यात वीस-पंचवीस टक्के उष्णतेत जातात, म्हणून बॅटरीकडून प्रत्येक बाजूला १३० वॉट. दोन्ही मिळून २६०. किलोला १७० वॉटच्या थोडं वर. शिकाऊ विमानाला दीडशे-दोनशे पुरतात, कसरतीच्या विमानाला दोनशेच्या बऱ्याच वर लागतात. डाकोटाने गिरक्या घ्यायच्या नाहीत. दीड किलोच्या विमानाला अकराशे ग्रॅम ओढ ही त्याच्या चालीला शोभणारी आहे.

मोटरीवर २२१२ असे चार अंक दिसतात. बहुतेक कंपन्या त्यात आतल्या स्टेटरचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर सांगतात. काही कंपन्या मात्र बाहेरच्या डब्याचं माप छापतात, तेव्हा फसगत होते. वजन फसवत नाही. चांगली मोटर ग्रॅममागे तीन वॉट सुखाने पेलते, म्हणून १३० वॉटला ४५ ते ५० ग्रॅमची मोटर हवी. २२१२ मापाच्या मोटरी याच वजनाच्या असतात.

राहिला केव्ही. एका व्होल्टला, प्रोपेलर न लावता, मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो हा आकडा. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, हा समज इतका पसरला आहे की त्याला थांबवावंसं वाटतं. केव्ही ताकद सांगत नाही, फक्त व्होल्टमागचे फेरे सांगतो. तीन सेलची लिपो बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणवते, पण भाराखाली ती पावणेअकरापर्यंत उतरते. प्रोपेलर लावल्यावर फेरे मोकळ्या मोटरीच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के होतात. १०,००० फेरे हवे असतील तर उलट हिशोबाने केव्ही येतो ११०० च्या आसपास. कुणी १४०० केव्हीची मोटर स्वस्त मिळाली म्हणून लावली तर ती त्याच प्रोपेलरला कितीतरी वेगाने फिरवू पाहील, आणि प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे एक पंचमांशाने वाढले की ताकद पावणेदोन पट. व्यासाचंही तसंच. फेरे तेच ठेवून आठचा नऊ इंच केला तर ६० टक्के जास्त ताकद लागते. मोटर जळते ती अशी, एका इंचाच्या मोहात.

एक मोटर १३० वॉट म्हणजे १२ अँपिअर. तिला २० अँपिअरचा ईएससी द्यावा. दोन्ही मिळून २४ अँपिअर. २२०० मिलिअँपिअर-तासाची, २५सी ची, म्हणजे क्षमतेच्या पंचवीसपट प्रवाह देणारी, बॅटरी हिशोबाने ५५ अँपिअर देऊ शकते, म्हणजे तिच्यावर ताण नाही. आकाशात सरासरी निम्मा प्रवाह धरला आणि बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून ठेवला, तर पावणेनऊ मिनिटं मिळतात.

दोन्ही मोटरी एकाच बॅटरीवर चालवाव्यात, हा माझा आग्रह आहे. पूर्वी इंधनावर चालणाऱ्या ग्लो इंजिनांच्या काळात दोन इंजिनांचं मॉडेल म्हटलं की अनुभवी लोकही सावध होत. प्रत्येक इंजिनाची टाकी वेगळी, सुई वेगळी, तब्येत वेगळी. एक आधी थांबायचंच, आणि मग विमान फिरून जमिनीवर यायचं. विजेवरचं मॉडेल उडवण्याचा प्रयत्न तसा जुना आहे. ब्रिटनच्या कर्नल टॅपलिन यांनी १९५७ मध्येच रेडिओवर चालणारं विजेचं विमान उडवलं होतं. पण दोन इंजिनांचं मॉडेल सर्वांच्या आवाक्यात आलं ते एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हौशी लोकांनी सीडी ड्राइव्हमधल्या मोटरी काढून, नवी तार गुंडाळून, जास्त ताकदीचे चुंबक बसवून त्यांना विमानाला जुंपलं तेव्हा. आजची बाहेरचा डबा फिरणारी मोटर त्याच घराण्यातली. एका बॅटरीवरच्या दोन मोटरी एकत्रच थकतात. बॅटरी उतरली तर दोन्ही बाजूंनी सारखीच उतरते आणि विमान सरळ राहतं.

तरीही एक मोटर बंद पडू शकते. तार सुटते, ईएससी तापून थांबतो, प्रोपेलर निसटतो. तेव्हा काय होतं? उरलेली ५५० ग्रॅमची ओढ धडापासून १४ सेंटिमीटरवरून विमानाला फिरवते. शेपटी गुरुत्वमध्यापासून अर्ध्या मीटरहून थोडी जास्त लांब आहे, म्हणून तिथे रडरला १३०-१४० ग्रॅमचा आडवा जोर लावावा लागेल. हा जोर हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३५ ला रडर जेवढं करू शकतो त्याच्या दुप्पट ताशी ५० ला करतो. म्हणजे एक वेग असा आहे की ज्याच्या खाली पूर्ण ताकदीवर चाललेली एक मोटर रडरला जुमानत नाही. उड्डाण घेताना विमान लवकर उचलू नये, ते याच कारणासाठी. आणि विमान अचानक एका बाजूला ओढू लागलं तर हात पहिल्यांदा थ्रॉटलकडे जावा, तो खाली ओढावा. दोन्ही मोटरी बंद असलेली डाकोटा एक बरं ग्लायडर आहे. एक मोटर जोरात आणि एक बंद, हीच खरी धोक्याची अवस्था. मोटरी बसवताना त्यांचे अक्ष दोन अंश बाहेरच्या बाजूला वळवले तर फिरवणारा जोर थोडा कमी होतो. हे काम बांधतानाच होतं, नंतर होत नाही.

प्रोपेलर कुठल्या दिशेने फिरवायचे, हाही प्रश्न इथेच येतो. खऱ्या डाकोटाचे दोन्ही प्रोपेलर मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. विमान नाक वर करून हळू उडत असताना खाली जाणारं पातं जास्त ओढतं. ते उजव्या बाजूला असतं, म्हणजे उजव्या इंजिनाची ओढ धडापासून आणखी दूर सरकते आणि डाव्या इंजिनाची जवळ येते. म्हणून डावं इंजिन बंद पडणं हे उजवं बंद पडण्यापेक्षा वाईट. लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानात दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरत. १९३९ च्या पहिल्या नमुन्यात ते वरच्या बाजूने आत फिरत होते, पुढच्या विमानांमध्ये ते बाहेर फिरवण्यात आले. त्यात दोन्ही इंजिनं सारखीच धोक्याची ठरली, पण दोन्ही चालू असताना विमान एका बाजूला मुळीच खेचत नसे.

विजेच्या मोटरीची दिशा बदलायला तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल पुरते. प्रोपेलर मात्र उलट दिशेचाच विकत घ्यावा लागतो. साधा प्रोपेलर पाठपोट उलटवून लावला की झालं, असं अनेकांना वाटतं. तो उलटवला तरी त्याचा पिळा तोच राहतो, फक्त पात्याची वक्र बाजू चुकीच्या दिशेला जाते. मळसूत्राचा स्क्रू डोक्याकडून पाहिला काय आणि टोकाकडून पाहिला काय, तो उजवाच असतो. पहिलंच दोन मोटरींचं विमान असेल तर दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेचे ठेवावेत. एक जोडी मोडली तर दुसरी सहज मिळते. उलट फिरणाऱ्या जोडीचा फायदा खरा आहे, पण सात इंची, तीन पात्यांच्या, उलट पिळ्याच्या प्रोपेलरसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागू शकते.

एकाच कंपनीच्या दोन मोटरींचे फेरेही तंतोतंत सारखे नसतात. त्याचा बाऊ करू नये. ओढ फेऱ्यांच्या वर्गाने बदलते, म्हणून दोन टक्के फरक असला तर ओढीत चार टक्के येईल. रडरच्या ट्रिमचा एखादा टिचका त्याला पुरतो. फरक ऐकूही येतो. दोन पात्यांचा प्रोपेलर १०,००० फेऱ्यांवर सेकंदाला ३३३ वेळा हवा कापतो, १०,१०० वर ३३७ वेळा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की सेकंदाला तीन-चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो, तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ लागल्या पण अजून मिळाल्या नाहीत तसा. तीन पात्यांना हे स्पंदन दीडपट वेगाने येतं. टॅकोमीटर नसेल तर कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जास्त त्रास होतो तो कमी थ्रॉटलला, एक मोटर सुरू होते आणि दुसरी क्षणभर थबकते तेव्हा. दोन्ही ईएससींना ट्रान्समीटरच्या थ्रॉटलची खालची आणि वरची टोकं एकत्रच शिकवली की हे बहुतेक वेळा मिटतं.

तारांबद्दल. बॅटरी धडात, मोटरी पंखात, म्हणजे कुठेतरी तार लांब करावीच लागते. ती ईएससी आणि मोटर यांच्यामध्ये लांब करावी. बॅटरी आणि ईएससी यांच्यातली तार लांबली तर तिच्यातल्या झटक्यांचा भार ईएससीच्या कपॅसिटरवर पडतो आणि ते एक दिवस फुगतात. नासेलमध्ये ईएससीला वारा चांगला मिळतो म्हणून तो तिथेच ठेवायचा असेल, तर बॅटरीकडच्या तारेवर, ईएससीजवळ, कमी रोधाचा जादा कपॅसिटर डाकावा. दोन्ही ईएससींमधून रिसीव्हरला ५ व्होल्ट येतात. त्यांतल्या एकाची मधली लाल तार प्लगमधून काढून टेपने गुंडाळून ठेवावी, म्हणजे दोन पुरवठे आपसात भांडत नाहीत.

पुण्यात उडवणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. एप्रिलच्या दुपारी पारा पस्तिशीला गेला की तिथली हवा पुस्तकातल्या मानक हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांश पातळ असते. तेवढ्याच फेऱ्यांवर ओढ तेवढीच कमी, आणि स्टॉलचा वेग सात टक्के जास्त. ३५ चे साडेसदतीस होतात. ज्याने पिच काटोकाट निवडली आहे त्याला हे उड्डाणाच्या वेळी जाणवेल. सकाळी सातला तेच विमान अंगाने हलकं वाटतं ते याचसाठी.

हे सगळे आकडे कागदावरचे आहेत, म्हणून विमान हवेत जाण्याआधी बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर जोडावा. विमान घट्ट धरून, आधी एक मोटर आणि मग दुसरी, प्रत्येकी दहा सेकंद पूर्ण थ्रॉटलवर चालवून आकडे लिहून घ्यावेत. बाजूला १२ अँपिअर आले तर हिशोब जुळला. पंधरा आले तर प्रोपेलरची पिच एक इंच उतरवावी, मोटर बदलू नये. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १५ आले, तर प्रोपेलर अदलाबदल करून पुन्हा मोजावं. जास्तीचा प्रवाह प्रोपेलरबरोबर गेला तर दोष पात्यांत आहे, तिथेच राहिला तर मोटरीत किंवा ईएससीमध्ये. मग दोन मोटरींना हात लावून पाहावा. दोन्ही सारख्याच कोमट लागल्या, की नासेलची झाकणं बसवायला हरकत नाही.